हवेतला आकडा

आमच्या गल्लीत एक गोष्ट सांगतात. शेजारच्या मोटर मिस्त्रीनं माझ्या घरचं वायफाय भिंतीतून ओढलं, अशी ती गोष्ट. सांगणारे हसत सांगतात, ऐकणारे हसत ऐकतात, आणि गल्लीत नवा भाडेकरू आला की सामान लावून होण्याच्या आत त्यालाही ती कळते. ही गोष्ट खोटी आहे. ती मी सुरू केली. खोटी आहे हे मला कळल्यावरही मी कित्येक महिने तोंड उघडलं नाही. आता मी म्हातारा झालो, मिस्त्रीही झाला. आम्ही दोघं गेल्यावर ही गोष्ट तेवढी मागे उरेल, आणि तीही त्याच्या नावावर. हे मनात आलं की दुपारी अंथरुणावर पडवत नाही. म्हणून लिहितो आहे.

लिहितानाही बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, गच्चीवर जातो, खाली येतो. बायको म्हणते, एक तर लिहा नाही तर फिरा.

मी परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, उपकरण विभागात नोकरी केली. बॉयलरचा दाब, वाफेचं तापमान, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी मीटरं नीट चालतात की नाही हे बघणं माझं काम. आमच्या विभागाची एक पद्धत होती. काही बिघडलं की आधी एवढंच विचारायचं, बिघडण्याआधी शेवटचा हात कशाला लागला? नवी वायर टाकली असेल, जुना स्क्रू आवळला असेल, तिथूनच शोध सुरू करायचा. बहुतेक वेळा बिघाड तिथेच सापडायचा. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला, की गल्लीतले लोक मला बोलवायचे आणि मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायचो. त्याचा मला थोडा ताठाही होता.

मिस्त्रीचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं. पाण्याच्या मोटरी उघडायच्या, जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. माझ्याच वयाचा. मी त्याला मिस्त्री म्हणतो, तो मला साहेब. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. कधी येईल सांगता येत नाही, आणि आलं की थोडा वेळच असतं. ज्याला आधी कळेल त्यानं मधल्या भिंतीवर दोन थापा मारायच्या, हे आमच्या दोन घरांत घरं बांधली तेव्हापासून चाललेलं. मग दोन्हीकडच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या. कोणी कोणाला आभार वगैरे म्हणत नसे.

मुलगा पुण्यात कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळाल्यावर तो म्हणाला, पप्पा, चांगलं नेट घ्या, मी महिना महिना येऊन राहीन. ते ऐकून बायकोनं दुसऱ्याच दिवशी मागची खोली पुसून घेतली, तिथे टेबल लावलं, खिडकीला नवा पडदा शिवला. केबलवाल्यांकडून फायबरचं कनेक्शन घेतलं. पुढच्या खोलीत राऊटर बसला, टीव्हीला त्यांचाच नवा डबा जोडला. सगळं छान चालू झालं आणि मग राऊटर बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या माणसानं तो उघडून टेबलावर आपटला, तर आतून चमचाभर करडी भुकटी पडली. राख. परळीत राहणाऱ्याला राखेचं काय सांगायचं. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. तो माणूस नवा राऊटर देऊन गेला.

मी ठरवलं, याला राख लागू द्यायची नाही. थर्मलमध्ये आम्ही नाजूक उपकरणं पत्र्याच्या पेटीत ठेवत असू. दार, कडी, दाराला रबरी पट्टी, वायर आत जायला एक भोक. तसलीच पेटी मी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. चांगला जाड पत्रा, आतबाहेर रंग. पेटी तयार होईपर्यंत दोन दिवस राऊटर स्टुलावर उघडाच होता. त्याच दोन दिवसांत आमची पाण्याची मोटर अडकली आणि मिस्त्री ती बघायला आला. त्याला मोटरीवरच्या नाव-नंबरच्या पट्टीचा फोटो लातूरच्या दुकानात पाठवायचा होता, सुटा भाग मिळतो का विचारायला. त्याच्या फोनला रेंज नव्हती. मीच त्याचा फोन हातात घेतला आणि आमच्या वायफायचा पासवर्ड टाकून दिला. त्यानं फोटो पाठवला, भाग आणला, मोटर चालू करून दिली. नंतर मी पेटी भिंतीवर ठोकली, राऊटर आत ठेवला, कडी लावली. लांबून बघितलं तर अगदी थर्मलची आठवण आली.

मुलगा आला. मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि नेट मिळेना. मिळालं तर तुटायचं. मीटिंगमध्ये त्याचा चेहरा अर्ध्यात थिजायचा, पलीकडचे लोक त्याला हाका मारत राहायचे. मी फोन हातात घेऊन घरभर फिरायचो. पुढच्या खोलीत एक-दोन दांड्या दिसायच्या, स्वयंपाकघरात एक, मागे काही नाही. राऊटर बंद करून चालू करायचो, वायर काढून घालायचो, केबलवाल्यांना फोन करायचो. ते म्हणायचे, साहेब, इथून लाइन ओके आहे. मुलगा आठवडाही राहिला नाही. जाताना म्हणाला, नाइलाज आहे पप्पा, नोकरीचा प्रश्न आहे. बायकोनं नवा पडदा काढून घडी करून ठेवला. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला बिघाड हवा होता. म्हणजे सापडायला हवा होता, आणि तो माझ्या हातचा नसायला हवा होता. आज हे लिहिताना दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं.

राऊटरचं एक ॲप असतं. त्यात आपल्या वायफायला कोण कोण जोडलंय त्यांची यादी दिसते. मी ती पहिल्यांदाच उघडली. माझा फोन होता, बायकोचा होता, टीव्ही होता. आणि त्याखाली आणखी एक काहीतरी होतं, नुसती अक्षरं आणि आकडे, ना नाव ना गाव. मी खुर्चीतून उठलोच. शेवटचा हात कोणाचा? पासवर्ड कोणाला दिला होता? मधली भिंत कोणाची? सगळं जागच्या जागी बसलं. पेटीकडे माझं लक्षही गेलं नाही. ती तर मी राऊटरच्या भल्यासाठी केली होती.

बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आवं, मिस्त्री तसला माणूस न्हाई. त्येला मागायचं असलं तर तोंडानं मागंल." मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. हॉटेल म्हणजे चहाची टपरी आणि चार बाकडी. निवृत्त झालेले, दुकान उघडायच्या आधी येणारे, असे आम्ही ठरलेले लोक तिथे असतो. मुलगा लवकर कसा गेला असं किराणा दुकानदारानं विचारलं आणि मी म्हणालो, नेट चालत नाही, कोणीतरी भिंतीपलीकडून ओढतंय. पासवर्ड मीच दिला होता, म्हणजे चूक माझीच. एवढंच बोललो. नाव घेतलं नाही. पण माझ्या घराला भिंत लागून एकच घर आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.

दुकानदार चहा फुंकत म्हणाला, "म्हणजे मिस्त्रीनं हवेत आकडा टाकला म्हणा की."

सगळे हसले. ज्या गावात वीज तयार होते तिथेही तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे असतातच, त्यामुळे तो विनोद समजावून सांगावा लागला नाही. मीही हसलो.

मिस्त्री नेहमीप्रमाणे थोड्या वेळानं आला. त्यानं चहा घेतला आणि दुकानदारानं त्याला विचारलं की, मिस्त्री, आता वायर लागतच नाही म्हणे तुम्हाला. मिस्त्रीला काही कळेना. कोणीतरी हसत हसत समजावून सांगितलं. त्यानं ग्लास बाकड्यावर ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"साहेब, तुमी बोलले हे?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," मी म्हणालो.

त्यानं चहाचे पैसे दिले. मग अर्धा चहा तसाच ठेवून गेला. त्यानंतर तो त्या हॉटेलात आला नाही.

मी घरी येऊन पासवर्ड बदलला. यादी बघितली तर ते अनोळखी यंत्र गायब. मला पुरावाच मिळाला. संध्याकाळी टीव्हीवरचे सिनेमे लागेनात, तर मी म्हणालो केबलवाल्यांचा घोळ असेल, आणि बाजारात निघून गेलो. परत आलो तेव्हा टीव्ही चालू होता. कसा, ते मी विचारलं नाही. पुढे कळलं, बायकोनं मुलाला फोन लावला होता आणि त्यानं सांगितलं तसा टीव्हीच्या डब्यात नवा पासवर्ड टाकला होता. मला एवढंच दिसलं की यादीत ते अनोळखी यंत्र परत आलंय. मी हॉटेलात जाऊन सांगितलं, नवा पासवर्डही फोडला. या वेळी नाव घेतलं.

आणि त्याच रागात मी वायफायचं नाव बदललं. आधी कंपनीनं दिलेलं काहीतरी होतं. ते काढून मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, चोर सावधान. म्हटलं, ज्याला ओढायचं आहे त्याला दिसू दे. आमच्या घरातले फोन एकदा जोडले की आपोआप जोडले जातात, नाव कोणी वाचत नाही. पुढे ते नाव मी विसरूनही गेलो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. माझं लहानपण घाटनांदूरला वस्तीत गेलं. गावात कोणाची कोंबडी हरवली, कोणाच्या खळ्यावरचं पोतं कमी भरलं, की पहिली नजर आमच्या वस्तीकडे यायची. एकदा माझ्या वडिलांना चावडीवर उभं करून विचारलं होतं. वस्तू नंतर मालकाच्याच घरात सापडली, आणि सापडली हे सांगायला कोणी वस्तीवर आलं नाही. वडील ते मरेपर्यंत विसरले नाहीत. मी त्या माणसाचा मुलगा. शिकलो, थर्मलमध्ये लागलो, विहाराच्या कार्यक्रमात भाषणं केली. आणि कोणाकडे बोट दाखवायची वेळ आली तेव्हा मला वाटलं मी शास्त्र वापरतोय.

मिस्त्रीचा धंदा घरात शिरण्याचा. मोटर कोणाच्या न्हाणीजवळ असते, कोणाच्या जिन्याखाली, कोणाच्या स्वयंपाकघराला लागून. बायामाणसं घरात असतात, कपाटं उघडी असतात. तिथे माणूस ओळखीचा लागतो. गल्लीनं त्याला लगेच टाकलं असं नाही. आधी चेष्टा चालली. मग एका घरात तो काम करत होता तेव्हा तिथल्या बाईनं मधल्या खोलीला बाहेरून कडी घातली, असं बायकोनं बाहेरून ऐकलं. मग लोक नव्या मुलांना बोलवू लागले, मोबाईलवर नंबर शोधून. मिस्त्री पहाटे मोटरसायकलवर अवजारांची पिशवी बांधून खेड्यांकडे निघायला लागला, विहिरींवरच्या मोटरी करायला. या वयात विहिरीत उतरायचं. भिंतीवरच्या थापा बंद झाल्या. आमचे दोनदा नळ हुकले आणि आम्ही टँकर घेतला.

मला वाटलं, राग निवळेल. वाईट वाटत नव्हतं, कारण माझ्याजवळ यादी होती.

उन्हाळ्यात राऊटर तापून बंद पडू लागला. पेटीला हात लावला तर चटका बसत होता. मी कडी काढली, दार उघडं ठेवलं, वारा लागावा म्हणून राऊटर ओढून दाराबाहेर वायरीला लोंबता सोडला. बायको मागच्या खोलीत मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "आज लई साफ दिसायलाय गं बाई ह्यो." मी माझा फोन बघितला. सगळ्या दांड्या. राऊटर आत ठेवून दार लावलं, दोन दांड्या गेल्या. उघडलं, परत आल्या. लावलं. उघडलं. लोखंडाच्या बंद पेटीत ठेवलेला रेडिओ वाजत नाही हे आठवीतल्या पोराला माहीत असतं. मी त्या पेटीसमोर किती वेळ कडी लावत आणि काढत उभा होतो कोण जाणे. बायको येऊन बघून गेली, पण काय झालं ते मी तिला सांगितलं नाही.

पेटी काढली, गच्चीवर टाकली. बायकोनं तिच्यात माती भरून कोथिंबीर लावली. राऊटर फळीवर ठेवून त्याच्यावर पातळ फडकं टाकलं, ते रोज झटकायचं. झालं, एवढाच उपाय होता.

तेव्हाच जायला हवं होतं. मिस्त्रीचं दार पंधरा पावलांवरही नव्हतं. मी रोज ठरवायचो. सकाळी निघायचो आणि हॉटेलाकडे वळायचो, हॉटेलात कोणी आकड्याचा विनोद केला की बाहेर यायचो. मनाला समजावत होतो की ते अनोळखी यंत्र तर अजून यादीत आहेच, म्हणजे काहीतरी असेलच. ते पडताळून बघायची हिंमत मात्र करत नव्हतो. भिंतीपलीकडे मिस्त्री खोकला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

दिवाळीत मुलगा आला आणि या वेळी खरंच राहिला. पडदा परत लागला. त्यानं नवा फोन घेतला होता, तो वायफायला जोडताना एकदम हसला. म्हणाला, पप्पा, हे नाव तुम्ही दिलंय? मी बघितलं आणि मला आठवलं. मग त्याचं हसणं थांबलं. हे शेजारच्यांना दिसत असेल ना, त्यानं विचारलं. मी म्हणालो, त्यांच्याकडे पासवर्ड नाही. तो म्हणाला, नाव दिसायला पासवर्ड कशाला लागतो? आसपास जेवढे फोन असतील तेवढ्यांत दिसतं.

मग त्यानं यादीही बघितली. त्या अनोळखी यंत्रावर बोट ठेवून म्हणाला, हा तर आपल्या टीव्हीचा डबा आहे.

मी चप्पल घातली. फोन हातात घेऊन गल्लीत आलो आणि त्या नावाकडे बघत चालू लागलो. आमच्या ओट्यापाशी सगळ्या दांड्या. मिस्त्रीच्या ओट्यापाशी एक कमी. पेटीत होतं तोवर ते नाव आमच्याच मागच्या खोलीत पोचत नव्हतं. मी पेटी काढली, त्या दिवसापासून ते भिंत ओलांडून त्याच्या घरात गेलं होतं, आणि उन्हाळा, पावसाळा, ईद, सगळं तिथेच होतं. मी त्याच्या दारासमोर उभा होतो आणि हातातला फोन खाली घेता येत नव्हता.

दार उघडलं. मिस्त्रीच होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग फोनकडे.

"आत या साहेब," तो म्हणाला. "आतबी दिसतंय."

आत गेलो. त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नेहमी ती मला काय काका म्हणून विचारायची, तशी बोलली नाही. मिस्त्रीनं स्वतःचा फोन उघडून माझ्यासमोर धरला. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, उन्हाळ्यापासून. त्याची नात इंग्रजी वाचायला शिकतेय, तिनं अक्षरं जुळवून जुळवून वाचलं आणि विचारलं, नाना, हे कोणाला म्हणलंय. पुढे ईदला जावई आला, त्यानं नेट शोधायला फोन काढला आणि ते नाव बघून परत खिशात ठेवला.

मी त्याला पेटीचं सांगू लागलो. त्यानं मध्येच थांबवलं.

"पेटीचं मला म्हाईत हाय. तुमच्या गच्चीवर तिच्यात कोथमिर उगवली, तवाच नाव आमच्यात आलं. मी मोटरीवाला हाय साहेब, येवढं कळतं."

"मग तुम्ही बोलला कावून नाही?" माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं.

"बोलायचं तुमचं होतं," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो."

मी तिथल्या तिथे ते नाव काढायला लागलो. ॲप उघडत नव्हतं. तो म्हणाला, आत्ता नका बदलू. आधी जिथं बोलले तिथं बोला. नाव त्याच्यानंतर काढा. मी माफी मागितली तेव्हा त्यानं मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच.

सकाळी हॉटेलात बोललो. काय बोलायचं ते सबंध पाठ केलं होतं, तरी अडखळलो. मिस्त्रीनं काही चोरलं नव्हतं, मी राऊटर लोखंडात कोंडला होता, ते यंत्र माझ्याच टीव्हीचा डबा होता, आणि मला हे उन्हाळ्यापासून माहीत होतं. शेवटचं वाक्य गिळावंसं वाटलं, पण बोललो. दोघंतिघं गंभीर झाले. एकजण म्हणाला, आम्हाला आधीच शंका होती. दुकानदार म्हणाला, "म्हणजे आकडा साहेबांनीच पेटीत ठेवला होता," आणि सगळे हसले. मग बोलणं उसाच्या भावाकडे गेलं. घरी येऊन मी नाव बदललं, कंपनीनं दिलं होतं तेच अक्षरांचं आणि आकड्यांचं परत ठेवलं.

मला वाटलं, संपलं. पण विनोद जसा पसरला होता तसा खुलासा पसरला नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लोक अजून जुनीच गोष्ट सांगत होते, आणि मिस्त्री अजून पहाटे खेड्याकडे जात होता. हॉटेलात जे नव्हते त्यांना मी रस्त्यात गाठून सांगू लागलो. ते म्हणायचे, जाऊ द्या हो, जुनं झालं. कोणी त्याला कामाला बोलावल्याचं काही ऐकू आलं नाही.

हिवाळ्यात आमची मोटर पुन्हा बसली. गुरगुरायची, पाणी चढवायची नाही. बायको म्हणाली, आता कुण्या तोंडानं बोलवणार? मी गेलो. मिस्त्री अंगणात अवजारं पुसत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, येतो, पण एक गोष्ट करा.

"तुमी दोघं घरी राहू नका. कुलूप लावा. किल्ली मला हॉटेलावर द्या, समद्यांसमोर. मी एकटा जाऊन करीन."

बायकोला तिच्या बहिणीकडे सोडलं. घराला कुलूप लावलं आणि हॉटेलात आलो. मिस्त्री पिशवी घेऊन उभा होता. इतक्या महिन्यांनी तो तिथे आला म्हणून सगळे बघत होते. मी किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि जरा मोठ्यानं म्हणालो, मोटर न्हाणीच्या मागे आहे, सगळ्या खोल्या उघड्या आहेत, वेळ लागला तरी चालेल. तो गेला. मी बाकड्यावर बसलो. दुकानदारानं माझ्यासाठी चहा सांगितला.

आणि आता जे लिहितो ते लिहू नये असं दोनदा वाटलं. बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, बायकोच्या कपाटाला किल्ली लावली होती का? सगळं माहीत असताना आलं. स्वतःच्या हातानं त्याला किल्ली दिल्यावर आलं. मी उठलो, रस्त्यापर्यंत गेलो, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो. लोकांना वाटलं असेल गुडघे दुखतात. माझ्या वडिलांना चावडीवर उभं करणाऱ्या माणसांच्या मनात हेच येत असणार. ते घालवायला काय करावं लागतं मला माहीत नाही. मी बसून राहिलो, एवढंच केलं.

बऱ्याच वेळानं आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या नळीतून पाणी गल्लीत पडू लागलं. नळ आला असणार, टाकी भरली होती. मिस्त्री हात पुसत आला, किल्ली बाकड्यावर माझ्या ग्लासाजवळ ठेवली आणि म्हणाला, "बेअरिंग गेलती, टाकली. नळ आला की लगेच लावू नका, आधी हवा जाऊ द्या." मग त्यानं चहा मागवला आणि उभ्यानंच प्यायला लागला.

दुकानदार थोडा पुढे सरकला. म्हणाला, मिस्त्री, आमचीबी मोटर आवाज करायलीय, येताव का एकदा बघायला?

"येतो की," मिस्त्री म्हणाला. "किल्ली देता का?"

दुकानदार हसला. मग त्यानं बघितलं, मिस्त्री हसत नव्हता, आणि मीही हसत नव्हतो. तो खिसे चाचपू लागला.